डाव्या बाजूची चटणी

यमुनाबाईंनी त्या दिवशी कारळाची चटणी ताटात वाढली नाही, आपटली. चमचा ताटाच्या कडेवर असा काही वाजला की पहिलीतल्या संस्कृतीनं पोळीचा घास हातातच धरून आधी आजीकडे आणि मग आजोबांकडे पाहिलं. आजोबा, म्हणजे गंगापूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले व्यंकटराव, शांतपणे वरणभात कालवत होते. कालवता कालवता ते म्हणाले, "आजही चटणी नाही वाटतं."

यमुनाबाईंच्या हातातला चमचा हवेतच राहिला. चटणी समोर होती. ताटाच्या डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी, लग्न झाल्यापासून ती जिथे वाढली जाते तिथेच होती.

"ऐकलंस?" त्या सुनेला म्हणाल्या. "टोमणे मारायलेत."

सून, म्हणजे स्वराली, संस्कृतीला तिसऱ्यांदा 'नीट चावून खा' सांगत होती. तिनं सासूकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे दोघांनाही काही न बोलता आमटी वाढली.

हा वाद जुना होता. भांडी घासायला येणाऱ्या गोजरबाईनं काही महिन्यांपूर्वी व्यंकटरावांचं ताट उचलताना सहज सांगितलं होतं, "आजी, सरांनी आजबी चटणीला हात नाय लावला. लई दिस झालं, तशीच येतीया माघारी." एवढं बोलून गोजरबाई ताट घासून मोकळी झाली. यमुनाबाई मोकळ्या झाल्या नाहीत. कारळाची चटणी हा त्यांचा मान होता. खलबत्त्यात कुटलेली, मिक्सरला कधी न दाखवलेली. माहेरचे लोक आले की डबा भरून घेतल्याशिवाय हलत नसत. त्या चटणीला हात लावायचा नाही आणि वर ती वाढलीच नाही म्हणायचं, याचा त्यांनी सरळ अर्थ लावला. म्हातारपणी नवऱ्याला बायकोच्या हातचं नकोसं झालं होतं. त्यांनी बोलणं टाकलं. बायको बोलत नाही हे व्यंकटरावांच्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले, आणि ते का, हे कळेना म्हणून चिडून त्यांनीही बोलणं टाकलं.

तेव्हापासून निरोप स्वरालीमार्फत जात. मीठ लागतंय, असा निरोप उजवीकडून यायचा. मीठ ताटातच आहे म्हणावं, असं उत्तर डावीकडून जायचं. आणि खरंच, मीठ ताटातच असायचं.

यातली गंमत अशी की पान कसं वाढायचं याचे या घरातले सगळे नियम व्यंकटरावांनीच घातलेले होते. पणजोबा भिक्षुक, आजोबा आणि वडील निजामाच्या कचेरीत कारकून, ते स्वतः शिक्षक. पिढीगणिक धंदे बदलले, पण डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजव्या बाजूला भाजी, आमटी, यात तसूभर बदल झाला नव्हता. लग्न होऊन आल्यावर स्वरालीनं एकदा लोणचं उजवीकडे वाढलं, तेव्हा एम.एस्सी.ला हल्ली काय शिकवतात, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तोच माणूस आता रोज अख्खी डावी बाजू तशीच टाकून उठत होता.

स्वरालीचा नवरा हिमांशू वाळूजच्या एका कंपनीत संगणकाचं काम बघायचा. त्याचं म्हणणं, दोघं भांडतात म्हणजे दोघांची तब्येत चांगली आहे. स्वरालीचं तसं नव्हतं. तिला सगळं दिसायचं आणि दिसलेलं डोक्यातून जायचं नाही. संस्कृतीच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, मोज्याला अडकलेलं कुसळ, खोकल्याचा बदललेला आवाज. हिमांशू याला 'तुझा सीसीटीव्ही' म्हणायचा आणि स्वतः तिथून हसत निघून जायचा. त्यामुळे तिला दुप्पट राग यायचा.

पुढच्याच आठवड्यात त्या सीसीटीव्हीत एक चुन्याचा डाग आला. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर पांढरा चुना दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. संस्कृतीच्या डाव्या बाहीवर, खांद्यापासून खालपर्यंत.

"हा चुना कुठला गं?"

"भिंतीचा. शाळेच्या गल्लीतली भिंत आहे ना, तिच्या." संस्कृतीनं दप्तर खाली टाकलं. "आजोबा एकदम भिंतीजवळून स्कूटर नेतात. मग मी कोपर आत घेते." तिनं डावं कोपर अंगाशी घट्ट चिकटवून दाखवलं. "असं. मला आता जमतं."

 स्वराली चप्पल न घालता जिना उतरून पार्किंगमध्ये गेली.

स्कूटरची उजवी बाजू शोरूममधून आणल्यासारखी होती. डाव्या बाजूचा रंग किसणीनं खरवडल्यासारखा निघाला होता. डावं इंडिकेटर चिकटपट्टीवर तग धरून होतं. डावा पायठेवा आत वाकला होता. डावा आरसा मात्र नवा कोरा होता, कारण तो सारखाच नवा बसवला जायचा. शहागंजमधला मेकॅनिक तर सरांना लांबून बघितलं की न विचारता डावा आरसा काढून ठेवायचा. प्रत्येक आरशामागे व्यंकटरावांकडे एक आरोपी तयार असे. कधी सोसायटीचं फाटक बसवणारा गवंडी, कधी हर्सूल तलावाकडून येणाऱ्या म्हशी, आणि कुणीच सापडलं नाही तर महापालिका.

ती वर आली. ओट्यावर सासऱ्यांचं दुपारचं ताट पडलेलं होतं. उजवी बाजू पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. डावीकडे मीठ, लिंबू, कोशिंबीर आणि चटणी, जशी वाढली तशी.

खाली स्कूटर आणि वर ताट. स्वरालीनं दोन्हींच्या डाव्या बाजू मनात शेजारी ठेवल्या आणि तिला संताप आला. व्यंकटरावांना काचबिंदू होता. काही वर्षांपूर्वी तो सापडला तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. डोळ्यातला दाब नसेला मारत जातो, दुखत नाही, खुपत नाही, आधी कडेचं दिसणं जातं आणि गेल्याचं माणसाला कळतही नाही. म्हणून रोज रात्री थेंब घालायचे आणि दर चार महिन्यांनी तपासणी करायची. तपासणीला ते एकटे जायचे आणि आल्यावर चपला काढता काढता "पास" एवढंच सांगायचे. घरातले लोक पेढा मिळाल्यासारखे आपापल्या कामाला लागायचे.

व्यंकटराव गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. वाचायला त्यांना काहीच अडचण नव्हती. तेच तर दुखणं होतं.

"बाबा, डोळ्यांच्या तपासणीला शेवटचं कधी गेला होतात?"

"गेलो होतो की. दिवाळीच्या आधी."

"कुठल्या दिवाळीच्या?"

वर्तमानपत्र किंचित हललं. "गेल्याच्या गेल्या. मशीनची परीक्षाही झाली. पास झालो. पास झालेल्या पोराला कुणी पुन्हा त्याच परीक्षेला बसवत नाही, स्वराली. मी जन्मभर हेच काम केलंय."

"आणि थेंब?"

थेंबांचंही त्यांचं शास्त्र होतं. तपासणीच्या आधी आठवडाभर ते नेमानं घालायचे, म्हणजे दाब उत्तम यायचा. परीक्षेच्या आधी उजळणी करतात, वर्षभर कुणी पाठांतर करत बसत नाही, हे त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. स्वरालीनं जाऊन फ्रीज उघडला. फ्रीजच्या दारात थेंबांची बाटली भरलेली होती. मुदत संपलेली होती.

त्या संध्याकाळी तिनं हिमांशूला सगळं सांगितलं. त्यानं चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मत दिलं. हे घराण्यात उतरतं, तुझीही तपासणी व्हायला हवी, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं दिवसभर पडद्यासमोर बसतो, दिसत नसतं तर कळलं असतं, असं सांगून मोबाइल उचलला. त्या रागाच्या भरात स्वरालीनं खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली. लपवायला जागा शोधताना तिचं लक्ष कारळाच्या चटणीच्या बरणीकडे गेलं. सासरे जिथे हात म्हणून लावत नाहीत अशी घरात ती एकच जागा होती. तिनं किल्ली पिशवीत गुंडाळली आणि चटणीत खोल खुपसली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि सगळे घरी होते. सासूबाई सकाळी देवपूजेला बसल्या की त्यांना खरं काय ते सांगायचं, असं स्वरालीनं ठरवलं होतं. पण संस्कृतीनं दूध सांडलं, गॅस संपला, सिलिंडरवाल्याशी बोलता बोलता जेवणाची वेळ झाली, आणि यमुनाबाईंनी चटणी वाढायला बरणीत चमचा घातला.

चमच्याबरोबर किल्ली वर आली.

यमुनाबाईंनी पिशवी सोडली. किल्लीकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून बाहेर, पाटावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. चटणी खायची नाही, चटणी वाढली नाही म्हणायचं आणि आता चटणीत किल्ली कालवून ठेवायची. त्यांच्या चेहऱ्यावरून स्वरालीला पुढचं सगळं कळलं. ती "आई, ती मी" एवढं म्हणेपर्यंत यमुनाबाई बाहेर पोचल्या होत्या. एक अक्षर न बोलता त्यांनी ती किल्ली, चटणीसकट, नवऱ्याच्या ताटात डाव्या बाजूला नेऊन ठेवली. बरोबर चटणीच्या जागी.

आता घर डोक्यावर घेतलं जाणार म्हणून स्वरालीनं संस्कृतीला जवळ ओढलं. व्यंकटरावांनी चित्राहुती घातली, आचमन केलं आणि ते जेवायला लागले.

"माझी स्कूटरची किल्ली सकाळपासून सापडेना," ते भाजीचा घास घेत म्हणाले. "या घरात वस्तू जागेवर राहील तर शपथ."

कुणी हललं नाही.

"हिमांशू, तू घेतलीस का?"

हिमांशू वडिलांच्या डाव्या हाताला बसला होता. त्यानं वडिलांच्या ताटाकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. त्याला आधी वाटलं बाबा विनोद करतायत. पण व्यंकटरावांनी आयुष्यात विनोद केलेला नव्हता.

"आजोबा, किल्ली तुमच्या" असं संस्कृती म्हणायला लागली, तेव्हा यमुनाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.  व्यंकटराव जेवत राहिले. पोळीभाजी झाली, वरणभात झाला, ताकभात झाला. त्या सबंध वेळात ते किल्लीबद्दल बोलत होते. कुलूपवाला बोलवावा लागेल, लोकांना शिस्त नाही, शाळेत त्यांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा हलत नसे. किल्ली त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, लिंबाच्या फोडीला टेकून पडली होती. शेवटी पाण्याचा तांब्या घ्यायला ते डावीकडे वळले आणि थांबले.

"ही आत्ता कुणी ठेवली?"

यमुनाबाई नवऱ्याशी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. "तुम्ही जेवायला बसलात तेव्हापासून तिथंच आहे."

व्यंकटरावांनी किल्ली उचलून तिची चटणी पुसली.

"चटणी पण रोज तिथंच असते," यमुनाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

व्यंकटराव रागानं उठले. हा कट आहे, किल्ली मागाहून ठेवली, सगळे सामील आहात, असं बरंच काही त्यांनी हात धुता धुता बेसिनला ऐकवलं. पण सोमवारी सकाळी स्वरालीनं रिक्षा बोलावली तेव्हा ते मुकाट्यानं येऊन बसले. रिक्षा दिल्ली दरवाज्याच्या कमानीजवळ आली तेव्हा त्यांचा आवाज परत आला. मशीनची परीक्षा आपल्याला सोपी जाते, तू बघच, आज तुझ्यासमोर पास होऊन दाखवतो, असं ते म्हणाले. हिमांशूला त्या दिवशी मीटिंग होती. स्वरालीनं सबंध रस्ता त्या मीटिंगलाही मनात शिव्या दिल्या.

दवाखान्यात तपासणीची मशीन चालवणारी निशा नावाची मुलगी होती. तिनं व्यंकटरावांना ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. मागच्या दोन्ही वेळी तिनं त्यांना सांगितलं होतं की परीक्षा नीट झाली नाही, मशीनला त्या निकालावर भरवसा नाही, पुन्हा करावी लागेल, घरच्या कुणाला तरी घेऊन या. स्वरालीनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे भिंतीवरचं डोळ्याचं चित्र बघत होते.

"पास म्हणालात," स्वराली म्हणाली.

"नापास कुठं म्हणाली ती? भरवसा नाही म्हणाली. तो मशीनचा प्रश्न आहे."

अंधाऱ्या खोलीत ते मशीनपुढे बसले. एक डोळा पट्टीनं झाकला, हनुवटी टेकवली, हातात बटण घेतलं. समोर पांढऱ्या वाडग्यासारखं काहीतरी होतं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. स्वरालीला कोपऱ्यात स्टूल मिळालं.

परीक्षा सुरू झाली. मशीन आतल्या आत बारीक कुरकुरायची, की लगेच बटणाचा आवाज. कुरकुर, टिक. कुरकुर, टिक. एकही चुकत नव्हता. चावी दिलेल्या घड्याळासारखं सगळं चाललं होतं आणि व्यंकटरावांच्या पाठीवरून कळत होतं की पोरगा पहिला येणार. स्वरालीला क्षणभर आपणच मूर्ख ठरलो असं वाटलं. तेवढ्यात मशीन कुरकुरली, टिक झालं आणि निशानं मशीन थांबवली.

"सर, आत्ता उजेड आलाच नव्हता."

"मग आवाज कशाला केला त्यानं?" व्यंकटराव म्हणाले.

निशानं स्वरालीकडे पाहिलं. मग आपण काय बोलून गेलो, ते त्यांनाही ऐकू आलं.

निशा हळू आवाजात सांगायला लागली की काही लोक उजेडाऐवजी आवाजावर बटण दाबतात, म्हणून मशीन अधूनमधून नुसताच आवाज करून बघते. व्यंकटरावांचा पारा चढला. हा सापळा आहे, त्यांनी हजारो पोरांच्या परीक्षा घेतल्या पण असा कपटी पेपर कधी काढला नाही, असं ते हनुवटी न हलवता म्हणाले. पर्यवेक्षक म्हणून ते वर्तमानपत्राला भोक पाडून पोरांवर नजर ठेवायचे, ही गोष्ट ते स्वतःच दर दिवाळीला कौतुकानं सांगत. स्वरालीला ती आठवली आणि तिचा तोल गेला.

"बाबा, संस्कृती कोपर आत घ्यायला शिकलीय."

"काय?"

"तुमच्या मागं बसून. डावीकडची भिंत तुम्हाला दिसत नाही, तिला दिसते. ती कोपर आत घेते. मला म्हणाली, आता जमतं." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही मशीनला फसवा, डॉक्टरांना फसवा. ती सहा वर्षांची आहे. तिनं किती दिवस कोपर आत घ्यायचं?"

व्यंकटराव हनुवटी उचलून मागे टेकले. मग म्हणाले, "कापूस आहे का?"

निशानं दोन बोळे दिले. त्यांनी ते स्वतःच्या हातानं कानांत घट्ट बसवले, गृहपाठ न केलेल्या पोरासारखे सरळ बसले, आणि परीक्षा पहिल्यापासून सुरू झाली.

या वेळी बटण अडखळत वाजत होतं. कुरकुर, टिक. कुरकुर. कुरकुर, टिक. मग कुरकुर. कुरकुर. कुरकुर. स्वराली स्टुलावर पुढे सरकली. मशीन एकामागून एक उजेड दाखवत होती आणि बटणावरचा अंगठा तयार होऊन वाट पाहत होता, एखाद्या हुशार पोरानं हात वर करायची वाट पाहावी तसा. काहीच वाजत नव्हतं.

"मशीन बंद पडलंय का?" कानांत कापूस असलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात व्यंकटरावांनी विचारलं. "बराच वेळ झाला, काही आलं नाही."

निशानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चालू आहे, सर."

इतके दिवस स्वरालीनं साठवलेला राग होता. त्या क्षणी तो कुठे ठेवायचा, ते तिला कळेना.

डॉक्टरांनी निकाल समोर धरला. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं खालचं दिसणं गेलं होतं, दाब वाढला होता. गेलेलं परत येणार नव्हतं, पण मधलं आणि उजवीकडचं चांगलं होतं आणि ते राखता येणार होतं. थेंब आता रोज रात्री दोन्ही डोळ्यांत. स्कूटर बंद. डावीकडे मान वळवून बघायची सवय लावायची. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची, मुलांची आधी, तपासणी करायची. आणि दर तीन महिन्यांनी इथे यायचं.

"किती वर्षं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"कायम. सर, यात पास-नापास नसतं. हजेरी असते."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. हजेरीचा मुद्दा त्यांना खोडता येईना. आजारी असतानाही गंगापूरच्या शाळेत त्यांची गैरहजेरी कधी लागली नव्हती.

परत येताना हर्सूलच्या जेलवरून रिक्षा गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लोक विचारतात हर्सूलला राहता म्हणजे कुठं, जेलमध्ये का. आता म्हणावं, होय." मग खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्यांनी स्वरालीच्या पर्समध्ये टाकली. "चटणीत नको ठेवूस परत. तिला राग येतो."

यमुनाबाईंना राग आलाच होता, पण आता वेगळ्या कारणानं. इतके दिवस त्या रुसल्या ते सगळं वाया गेलं होतं आणि त्याची भरपाई कुणाकडे मागायची ते कळत नव्हतं. रविवारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी सगळं उजवीकडे वाढलं आणि भाजी डावीकडे.

व्यंकटरावांचा हात थांबला. "हे काय उलटं पान? असं आपल्यात कधी वाढतात माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माणूस गेल्यावर वाढतात. तेव्हा तुम्हाला दिसणाराय का चटणी?" यमुनाबाई म्हणाल्या. "म्हणून जिवंतपणी वाढायलेय. गपचूप खा."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला 'गपचूप' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. संस्कृती खुदकन हसली. व्यंकटरावांनी ताट दोन्ही हातांनी धरून गर्रकन फिरवलं. चटणी पुन्हा डावीकडे गेली.

"डॉक्टरांनी मान वळवायला सांगितलीय, पान वळवायला नाही," ते म्हणाले. मग कवायतीत वळावं तशी त्यांनी मान डावीकडे वळवली, ताटाच्या कडेपर्यंत, चटणीपर्यंत. बोटभर चटणी उचलून तोंडात टाकली. यमुनाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"मीठ थोडं जास्त झालंय," व्यंकटराव म्हणाले.

यमुनाबाईंचा चेहरा इतका उजळला की स्वरालीला दुसरीकडे बघावं लागलं. एवढ्यावर जेवण सुखानं पार पडलं असतं. पण व्यंकटरावांना आता सवय लावायची होती. त्यांनी मान आणखी डावीकडे वळवली, अगदी टोकापर्यंत. तिथे हिमांशूचं ताट होतं. ते बऱ्याच काळात पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत आलं. भाजी संपली होती, आमटी संपली होती. डाव्या बाजूला कारळाची चटणी होती. बोट न लागलेली.

"हिमांशू," व्यंकटराव म्हणाले. हा आवाज गंगापूरच्या शाळेतला होता. "तुझ्या पानात चटणी आहे."

"हो बाबा."

"दिसते का तुला?"

"दिसते की. मला दिसत नसतं तर कळलं असतं."

"मलाही कळलं नव्हतं," व्यंकटराव म्हणाले.

घास सगळ्यांच्या हातात तसेच राहिले. यमुनाबाई हिमांशूकडे वळल्या. "दिसते तर मग खाल्ली का नाहीस रे?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

हिमांशूनं तोंड उघडलं. लहानपणापासून त्याला कारळाची चटणी आवडत नव्हती. डब्यातली तो मित्रांना द्यायचा, घरातली पोळीखाली लपवायचा, आणि हे या जगात फक्त त्याला आणि लग्नानंतर त्याच्या बायकोला माहीत होतं. त्यानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चटणीकडे पाहिलं. मग मदतीसाठी स्वरालीकडे पाहिलं. स्वराली शांतपणे वाट बघत होती.

हिमांशूनं तोंड मिटलं. मग तो खाली मान घालून म्हणाला, "दिसली नसेल."

"उद्या सकाळी निघायचं," व्यंकटराव म्हणाले. "मीटिंग असली तर रजा टाक. मी येतो बरोबर. आणि कानांत कापूस घालून बसायचं, मला सगळ्या युक्त्या माहीत आहेत."

"बरं," हिमांशू म्हणाला.

स्वरालीनं बरणी जवळ ओढली आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला आणखी एक चमचा चटणी वाढली.